बीएस/एमडी घ्यावं का? अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी, आणि त्यांच्या मुलांसाठीही

अमेरिकेत वाढणाऱ्या मुलीनं दहावी-अकरावीत ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हटलं की आपल्या लोकांना पहिला धक्का बसतो तो वर्षांचा. आपण बारावीनंतर थेट एमबीबीएसला गेलेली मित्रमंडळी पाहिलेली असतात. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत डॉक्टर. इथे आधी चार वर्षांची बॅचलर डिग्री, मग एमकॅट ही परीक्षा, मग मेडिकल स्कूलचे अर्ज, मग चार वर्षं एमडी आणि त्यानंतर तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. हा हिशोब ऐकून आपण गप्प होतो, आणि मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हळूच सांगतं, “अहो, ते बीएस/एमडी बघा ना. बारावीतच सीट पक्की.”

सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. हायस्कूल संपतानाच कॉलेज आणि मेडिकल स्कूल अशा दोन्ही ठिकाणी प्रवेश देणारे कार्यक्रम इथे आहेत आणि काही मुलांना ते फार मानवतात. पण आपल्या घरांत ‘मिळेल का’ याची चर्चा दोन-दोन वर्षं चालते, आणि ‘मिळालं तर घ्यावं का’ याची एप्रिलमधल्या चार संध्याकाळी उरकली जाते. हा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. तो अर्ज भरण्याआधी विचारायचा असतो.

१. नेमकं काय मिळतं ते समजून घ्या

आधी एक खुलासा. इथली एमडी ही डॉक्टरकीची पहिली पदवी आहे. भारतातल्यासारखी एमबीबीएसनंतरची नव्हे. स्पेशलायझेशन होतं ते पुढे रेसिडेन्सीत.

एकत्र कार्यक्रम आठ, सात किंवा सहा वर्षांचे असतात. आठ वर्षांच्या कार्यक्रमात चार अधिक चार असाच हिशोब असल्यामुळे वेळ वाचत नाही, फक्त मधली धाकधूक वाचते. ब्राउन युनिव्हर्सिटीचा पीएलएमई हा त्यातला सर्वांत नावाजलेला. आयव्ही लीगमध्ये असा तो एकच. तिथे मुलगी इतिहास किंवा संगीत हा मुख्य विषय घेऊनही पुढे तिथल्याच मेडिकल स्कूलला जाऊ शकते आणि तिला एमकॅट द्यावी लागत नाही. सात वर्षांच्या कार्यक्रमात कॉलेज तीन वर्षांत आटपतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत द कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि न्यू जर्सी मेडिकल स्कूल यांची जोडी ठाऊक असते, ती या प्रकारातली. आणि कॅन्सस सिटीची मिझुरी युनिव्हर्सिटी १९७१ पासून सहा वर्षांत दोन्ही पदव्या देते. तिथे पहिल्या वर्षापासून पेशंटशी गाठ पडते आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळपास नसतातच.

डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टर, या पदवीचेही असे कार्यक्रम आहेत. आपल्याकडे डीओ म्हटलं की नाकं मुरडली जातात, पण डीओ डॉक्टरला अमेरिकेत एमडीइतकेच अधिकार असतात आणि २०२० पासून दोघांची रेसिडेन्सी एकाच ‘मॅच’मधून, म्हणजे जागावाटपाच्या एकाच प्रक्रियेतून ठरते. चुरशीच्या काही स्पेशॅलिटींमध्ये एमडीचं पारडं अजून जड आहे, हेही तितकंच खरं.

प्रकार कोणताही असो, हाती पडणारं पत्र म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे. त्यात ठराविक जीपीए (ग्रेडची सरासरी) टिकवा, बहुतेक ठिकाणी अमुक विषयांत अमुक ग्रेड आणा, काही ठिकाणी एमकॅटमध्ये किमान इतके गुण मिळवा, शिस्तभंग होऊ देऊ नका, अशा अटी असतात. त्या मोडल्या की मेडिकलची जागा जाते. म्हणून कुणी ‘हमी’ म्हटलं की ‘कशावर?’ हे लगेच विचारा.

२. नेहमीची वाट किती अवघड आहे ते पाहा

बीएस/एमडीचं सगळं आकर्षण नेहमीच्या वाटेच्या भीतीवर उभं आहे. ती भीती मोजून बघू. एमडी मेडिकल स्कूलांना दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थी अर्ज करतात आणि बावीस-तेवीस हजारांना जागा मिळते. म्हणजे निम्म्याहून अधिकांच्या पदरी त्या वर्षी नकार येतो. पण हा आकडा सरसकट आहे. ज्यांचा जीपीए ३.८ च्या वर आणि एमकॅट ५२८ पैकी ५१७ च्या वर असतो, त्यांच्यातल्या दहापैकी आठांना जागा मिळते.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. ज्या मुलांना बीएस/एमडीची जागा मिळते, त्यांतल्या बऱ्याच जणांना नेहमीच्या वाटेनंही जागा मिळाली असती. पण उलट बाजूही आहे. हायस्कूलमध्ये पहिली आलेली मुलगी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गातही पहिली येईलच असं नाही, आणि कॉलेजात मेडिकलची तयारी करणाऱ्या सगळ्या ‘प्री-मेड’ मुलांसोबत चार वर्षं ग्रेडसाठी घासणं काहींना आतून पोखरतं. आपली मुलगी दबावाखाली फुलते की आक्रसते, हे तुम्हाला कुठल्याही आकडेवारीपेक्षा जास्त माहीत आहे. आक्रसणाऱ्या मुलीला आठ वर्षांचा कार्यक्रम मोकळा श्वास देऊ शकतो. सहा वर्षांचा तिला आणखी दाबेल.

मधली वाटही आहे आणि ती आपल्या लोकांत फारशी माहीत नाही. काही मेडिकल स्कूल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात अर्ज घेऊन जागा देतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायचा फ्लेक्समेड हा त्यातला ठळक. त्यातून जाणाऱ्यांना एमकॅट लागत नाही. विसाव्या वर्षी घेतलेला निर्णय सतराव्या वर्षीच्या निर्णयापेक्षा बरा असण्याचा संभव जास्त.

३. मुलीची पारख करा, आणि स्वतःचीही

मार्कांवरून हे कळत नाही. बायोलॉजीत ए मिळाला तर तिला बायोलॉजी येतं एवढंच सिद्ध होतं. डॉक्टरचा बराचसा दिवस थकलेल्या, घाबरलेल्या, कधी उर्मट माणसांशी बोलण्यात आणि कॉम्प्युटरवर नोंदी लिहिण्यात जातो. तो दिवस तिला सोसतो का, हे पाहायचं असेल तर तिला कामाला लावा.

मंडळातल्या कार्डिओलॉजिस्ट काकांच्या मागे आठवडाभर फिरणं वाईट नाही, पण तिथे तिला डॉक्टर दिसतो. नर्सिंग होममध्ये पेशंट दिसतो. दर शनिवारी तीन तास, वर्षभर, त्याच वृद्धांना जेवण भरवणं, त्यांच्या त्याच त्याच गोष्टी ऐकणं आणि एके दिवशी त्यातली एक खाट रिकामी दिसणं, यातून जे कळतं ते उन्हाळी कॅम्पात कळत नाही. न्यू जर्सीत गावोगावी स्वयंसेवी फर्स्ट एड स्क्वॉड आहेत. अनेक ठिकाणी सोळाव्या वर्षापासून कॅडेट म्हणून घेतात. तिथे रात्री अँब्युलन्समध्ये बसलेलं मूल एकतर ठाम होतं किंवा शांतपणे दुसरा विषय शोधू लागतं. दोन्ही निकाल चांगलेच.

भारतातल्या ‘मेडिकल कॅम्प’बद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. सुट्टीत सातारा-नगरच्या एखाद्या गावात जाऊन गळ्यात स्टेथोस्कोप घालून काढलेले फोटो अर्जात वजन आणतात, असा समज आहे. एएएमसी, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, प्रशिक्षण नसताना परदेशात पेशंटवर उपचार करण्याविरुद्ध विद्यार्थ्यांना लेखी बजावते. बीपी मोजायलाही न शिकलेली मुलगी तिथे औषधं वाटत होती असं निबंधात आलं, तर वाचणारा डॉक्टर प्रभावित न होता दचकतो. तिला खरंच जायचं असेल तर आशाताईंसोबत, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकांसोबत, घरोघर फिरू दे, नोंदी ठेवायला मदत करू दे. ते काम तिच्या आवाक्यातलं आहे आणि त्यातून तिला काही दिसेल.

आता तिला विचारा: मेडिसिन नसतं तर काय केलं असतंस? ज्या मुलीकडे या प्रश्नाचं एखादं जिवंत उत्तर असतं आणि तरी ती डॉक्टरकीकडे वळते, तिची निवड सहसा टिकते. जिच्याकडे उत्तरच नसतं तिला बऱ्याचदा एकच दार दाखवलेलं असतं, आणि ते कुणी दाखवलं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तिनं ‘कॉम्प्युटर सायन्सही आवडतं’ म्हटलं तर घाबरू नका. तिच्यासाठी सहा-सात वर्षांचे कार्यक्रम यादीतून काढा, एवढंच.

४. व्हिसा आधी, यादी नंतर

तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि मुलगी त्यावर अवलंबून असलेल्या एच-४वर, तर ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. मुलगी २१ वर्षांची झाली की एच-४ संपतो. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की तोवर नंबर लागेलच याचा भरवसा नाही. मग तिला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं आणि ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी ठरते. आठ वर्षांच्या कार्यक्रमात मेडिकल स्कूल सुरू होतं बाविसाव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे नेमकं त्यानंतर.

अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूल नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच घेतात. सरकारी स्कूलांपैकी काही तर आपल्याच राज्यातल्यांना. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाला ईमेलनं एकच प्रश्न विचारा: कायम वास्तव्याची अट अर्ज करतानाची आहे की मेडिकल स्कूलमध्ये पाऊल ठेवतानाची? उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या ‘शक्यतो अडचण येत नाही’ला काही किंमत नाही. फेडरल कर्जही एच-४ किंवा एफ-१ वर मिळत नाही.

‘मग भारतात एमबीबीएस करून परत येऊ’ हा पर्याय याच वेळी पुढे येतो. ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड, असलेल्या मुलांना ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देता येते, पण ज्यांचं ओसीआय मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतरचं आहे त्यांना एनआरआय जागांवरच दावा करता येतो. परत आल्यावर यूएसएमएलई, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा, आणि परदेशी पदवीधर म्हणून मॅच. अमेरिकन एमडीच्या शेवटच्या वर्षातल्या दर शंभरांत नव्वदांहून जास्त जणांना रेसिडेन्सी मिळते; परदेशी पदवीधरांचं प्रमाण त्याहून बरंच कमी असतं. रस्ता आहे, पण त्याला शॉर्टकट समजू नका.

५. अटींचा कागद घेऊन बसा

यादी करताना कुठल्याही ब्लॉगवरची किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणारी यादी धरू नका. नॉर्थवेस्टर्नचा एचपीएमई १९६१ पासूनचा, एकेकाळी सगळ्यांच्या यादीत पहिला. तो नव्या मुलांसाठी बंद झाला. राइस आणि बेलरची जोडीही थांबली. तरी दोन्ही नावं अजून फिरत असतात. एएएमसीची एमएसएआर ही माहितीपेढी आणि त्या-त्या कॉलेजचं स्वतःचं पान, एवढे दोनच आधार धरा. काही कार्यक्रम एका विशिष्ट हेतूनं चालतात. न्यू मेक्सिकोचा कार्यक्रम त्या राज्यातल्याच मुलांसाठी आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीची सात वर्षांची वाट प्राथमिक आरोग्यसेवेसाठी आणि डॉक्टर कमी असलेल्या वस्त्यांसाठी आहे. मुलीला न्यूरोसर्जन व्हायचंय आणि अर्जात मात्र ‘गरीब वस्तीत फॅमिली डॉक्टर व्हायचंय’ असं लिहायचं, हा उद्योग करू नका.

मग प्रत्येक कार्यक्रमाच्या अटी छापून घ्या आणि मुलीच्या हातात पेन द्या. जीपीएची अट ३.४ आहे की ३.७? यातला फरक कागदावर छोटा आणि प्रत्यक्षात फार मोठा असतो. एखाद्या सेमिस्टरला घसरलं तर सुधारायला वेळ देतात का? आजारी पडली, एक वर्ष थांबावंसं वाटलं, तर जागा राखून ठेवतात का? दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर इथली जागा जाते का? बहुतेक ठिकाणी जाते, आणि हा मुद्दा मोठा आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची मेडिकल स्कूल २०१८ पासून सर्व विद्यार्थ्यांना ट्यूशन माफ करते, अल्बर्ट आइन्स्टाइन २०२४ पासून. बांधील असलेल्या मुलीला या दारांवर टकटक करायची तर हातातली जागा सोडूनच करावी लागते.

सहा-सात वर्षांच्या कार्यक्रमाबद्दल आणखी एक प्रश्न, जो विचारायला आईबाबांची जीभ रेटत नाही: तिसऱ्या वर्षी ‘मला हे नको’ म्हणाली तर तिच्या हाती कोणती पदवी असेल? आठ वर्षांच्या कार्यक्रमात चौथ्या वर्षाअखेर बॅचलर डिग्री घेऊन ती सन्मानानं बाहेर पडू शकते. अभ्यासक्रम एकमेकांत गुंफलेला असेल तर मध्येच सोडणं महागात पडतं.

आणि मेडिकल स्कूलकडेही बघा, फक्त कॉलेजकडे नको. यूएसएमएलईची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून केवळ पास-नापास झाली. त्यामुळे रेसिडेन्सी निवडणारे आता दुसऱ्या पायरीचे गुण, संशोधन आणि शिफारशी जास्त बारकाईनं पाहतात. त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स यांसारख्या चुरशीच्या शाखांत जायचं असेल तर त्या स्कूलच्या हॉस्पिटलात त्या शाखेचा स्वतःचा विभाग असणं फार उपयोगी पडतं. उन्हाळेच नसलेल्या कार्यक्रमात संशोधनाला वेळ कुठून आणणार, हेही विचारा.

६. पैसे

ब्राउनसारख्या खासगी कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या वर आहे. आपल्या राज्यातल्या सरकारी कॉलेजात बहुधा त्याच्या निम्म्याहून कमी. त्यानंतर खासगी मेडिकल स्कूलची चार वर्षं साडेतीन-चार लाख डॉलरच्या घरात जातात.

इथे अलीकडे एक मोठा बदल झालाय. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं ग्रॅड प्लस हे फेडरल कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद होतंय, आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर झाली आहे. उरलेली रक्कम खासगी कर्जातून, म्हणजे बहुधा तुमच्या सहीनं. त्यामुळे बॅचलरच्या चार वर्षांत सगळी बचत संपवून टाकणारा नामांकित कार्यक्रम आणि शिष्यवृत्ती देणारा कमी नावाचा कार्यक्रम यांच्यात दुसऱ्याकडे माझा कल झुकतो. पेशंट तुम्ही कॉलेज कुठे केलंत हे विचारत नाही. रेसिडेन्सीत पगार वर्षाला साधारण साठ-सत्तर हजार डॉलर असतो आणि कर्जावरचं व्याज तेव्हाही चालू असतं.

एक वर्ष वाचलं की एक वर्षाची फी वाचते आणि डॉक्टरचा एक वर्षाचा पगार जास्त मिळतो, हा सात वर्षांच्या कार्यक्रमाच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. तो हिशोबात धरा.

७. अर्ज

हे थोडक्यात, कारण यावर माहिती भरपूर मिळते. कॉमन अॅप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा सामायिक अर्ज, १ ऑगस्टला उघडतो. बीएस/एमडीच्या बऱ्याच मुदती १ नोव्हेंबर ते १ डिसेंबर दरम्यान संपतात, म्हणजे नेहमीच्या कॉलेज अर्जांच्या आधी. मुलाखती जानेवारी ते मार्च. काही ठिकाणी एमएमआय पद्धत असते, जी मूळ कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीची: एकामागून एक छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक प्रसंग, काही मिनिटांत उत्तर. तिथे पाठ केलेलं उघडं पडतं.

निबंधात पुण्याच्या आजीचं आजारपण आणि त्यातून मिळालेली प्रेरणा लिहायचा मोह प्रत्येकीला होतो. आजीबद्दल जरूर लिहावं, पण आजीला दवाखान्यात नेताना तिनं स्वतः काय केलं हे त्यात असावं. हजारो डॉलर घेणारे सल्लागार हे सांगायला बसलेले आहेतच; बहुतेक घरांना त्यांची गरज नसते. शाळेतली कौन्सेलर आणि या वाटेनं गेलेला एखादा विद्यार्थी पुरतो. आणि जोडीला नेहमीच्या कॉलेजांचे अर्ज करायचेच. या कार्यक्रमांत जागा इतक्या थोड्या असतात की फक्त त्यांच्यावर विसंबणं धोक्याचं.

८. एप्रिल

जागा मिळाली, असं समजू. पेढे मागवायच्या आधी एक करा. पत्रातला मेडिकलचा परिच्छेद मनातल्या मनात झाका आणि विचारा: नुसतं कॉलेज म्हणून ती इथे गेली असती का? तिच्या दुसऱ्या आवडीचे चांगले वर्ग, तिच्या वृत्तीची मुलं, राहायला आवडेल असं गाव आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर निर्णय जवळपास झालाच. ‘नाही’ असेल तर ती निश्चिंतीसाठी तीन-चार वर्षं मोजणार आहे. काहींना तो सौदा परवडतो. पण सौदा तिनं करावा.

तिला कॅम्पसवर पाठवा, शक्यतो तुमच्याशिवाय, आणि त्याच कार्यक्रमातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी बोलू द्या. पहिल्या वर्षाची मुलं अजून हरखलेली असतात. ‘तुमच्या बॅचमधले किती जण मेडिकल स्कूलपर्यंत पोचले, आणि जे नाही पोचले ते का?’ हा प्रश्न तिनं विचारावा. प्रशासनालाही विचारावा. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर तीही माहितीच.

होकार १ मेपर्यंत द्यायचा असतो. डिपॉझिट भरण्याआधी अटींचं पान पीडीएफ करून तारखेसह जपून ठेवा आणि ‘या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांना याच अटी शेवटपर्यंत लागू राहतील का?’ असा एक ईमेल पाठवा. कार्यक्रमांचे नियम बदलतात, माणसं बदलतात, आणि चार वर्षांनी मेडिकल स्कूलच्या ऑफिसात बसलेल्या व्यक्तीला दाखवायला मुलीच्या हातात काहीतरी असायला हवं. दुसऱ्या कॉलेजला जायचं ठरलं, तर या कार्यक्रमाला त्याच दिवशी कळवून टाका. वेटलिस्टवर कुणाची तरी मुलगी फोनकडे बघत बसलेली असते.